उंब्रजचं तिकीट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ती २६ वर्षांची, मूळ कराडची, साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरीला. चौथ्या वर्षापासून बोलताना अडखळते. 'क', 'प', 'त' आले की शब्द अडकतो, म्हणून ती तो शब्दच टाळते. तीन वर्षांपूर्वी तिने २१ दिवसांचा निवासी 'कोर्स' केला. शेवटच्या दिवशी स्टेजवर पाच मिनिटं न अडखळता बोलली. दोन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं झालं. 'तू सराव सोडलास,' असं कोर्सवाल्यांनी ऐकवलं. आता एक स्थळ पसंत पडलंय. बघण्याच्या कार्यक्रमात ती आईने पाठ करून घेतलेली तीन वाक्यं बोलली. मुलाला फोनवर बोलायचंय. घरचे म्हणतात, साखरपुड्यापर्यंत मेसेजवरच राहा, तोवर दुसरा कोर्स उरकून घे. त्याची फी ४० हजार, आणि 'दीड महिन्यात १०० टक्के खात्री'. धाकटा भाऊ भरभर, शब्द गिळत बोलतो, पण 'हळू बोल' म्हटलं की नीट बोलतो. त्यामुळे 'त्याला जमतं, तुला का नाही?' हा प्रश्न घरात रोजचा. त्यातच ताईचा साडेतीन वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपासून 'म-म-म-मला' करू लागलाय. ताई तिला म्हणाली, 'थोडे दिवस त्याच्याशी कमी बोल.' ती विचारते: आधी कोर्स करू, की आधी मुलाला सांगू? की सांगूच नको?

प्रिय मैत्रिणी,

मी वयाने तुझ्या आईच्या बरोबरीची असेन, म्हणून 'तू'च म्हणते. वीसेक वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करतेय. तुझ्या सहा पानांत लग्न आहे, कोर्स आहे, भाऊ आणि भाचा आहे. पण मी थांबले ती तिसऱ्या पानावर, एसटीत.

शुक्रवारची संध्याकाळ. कंडक्टर जवळ आला, 'कराड' म्हणायला तू तोंड उघडलंस आणि 'क' घशातच बसला. तो म्हणाला, 'बोला ताई, कुठं?' आणि तुझ्या तोंडून निघालं, 'उंब्रज.' मग तू खरोखरच उंब्रजला उतरलीस, वडापमध्ये दाटीवाटीने बसून कराडला पोचलीस आणि आईला सांगितलंस, बस पंक्चर झाली होती.

त्या बसमधल्या कुणालाही विचारलं, तर तो सांगेल की ती मुलगी खणखणीत 'उंब्रज' म्हणाली. बाहेरून बघणाऱ्याला तू त्या संध्याकाळी एकदाही अडखळली नाहीस. तरी भर रस्त्यात उतरावं लागलं, पुन्हा पैसे मोडावे लागले, आईशी खोटं बोलावं लागलं आणि पुढच्या शुक्रवारची धास्ती आत्ताच बसली. जोसेफ शीहान हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः अडखळत बोलायचे. त्यांनी १९७० मध्ये तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. लोकांना ऐकू येतं ते पाण्यावरचं टोक. लाज, धास्ती, शब्द बदलणं, गप्प बसणं हे सगळं पाण्याखाली. तुझं टोक अगदी लहान आहे, कारण बाकीचं तू जिवापाड खाली दाबून धरलं आहेस. कांदाभजी खायची असताना उपीट मागवतेस. 'कर्ज' ऐवजी 'लोन' म्हणतेस. मुलाचा फोन वाजला की 'रेंज नाही' असा मेसेज टाकतेस. हे सगळं तूच लिहिलंयस, पण 'अडचणी' म्हणून नव्हे, 'मी कसं निभावते' म्हणून. माझ्याकडे येणाऱ्या मुलींमध्ये हे निभावणं मी फार पाहते, आणि ते माणसाला किती दमवतं हेही.

म्हणून 'आधी कोर्स की आधी सांगणं' या प्रश्नाकडे येण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघू. तू धरून चालली आहेस की बोलणं आधी पूर्ण सुधारायला हवं आणि मगच फोन, लग्न, बढती, सगळं. आणि ते सुधारलं नाही याचं कारण तुझा आळस.

आळसाचं आधी खोडून काढते. तुला त्या कोर्समध्ये मांडीवर बोटाने ताल धरून एकेक अक्षर ओढत बोलायला शिकवलं. तालावर बोललं की बहुतेक अडखळणारी माणसं त्या क्षणी सलग बोलतात. हे फार जुनं, माहीत असलेलं आहे. तू म्हणतेस, गणपतीच्या आरतीत मी कधीच अडत नाही, आणि घरचे त्यावर म्हणतात, 'म्हणजे मनात आणलं तर येतं.' नाही. आरतीत चाल ठरलेली असते, शब्द ठरलेले असतात आणि बरोबर दहा माणसं म्हणत असतात. कुठला आवाज नेमका कधी काढायचा, हे वेळेचं गणित बाहेरून मिळतं. एकटीने, मनातलं वाक्य, समोरच्याकडे बघत बोलायचं तर ते गणित मेंदूला स्वतः जुळवावं लागतं, आणि अडखळणाऱ्या माणसाच्या मेंदूत ती जुळणी थोडी वेगळी असते. याला आनुवंशिक बाजूही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये तोतरेपणाशी संबंध असलेली तीन जनुकं दाखवून दिली. त्या शोधाची सुरुवात पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून झाली होती. प्रत्येक अडखळणाऱ्यात ती सापडतात असं नाही, पण हा भित्रेपणा नाही आणि वळण न लावल्याचा परिणामही नाही, एवढं नक्की. भीती असते, पण ती मागाहून येते, वर्गात हसू झाल्यावर.

तेव्हा शेवटच्या दिवशी स्टेजवर तू जे बोललीस ते खरं होतं, पण ते त्या हॉलचं होतं. पतसंस्थेच्या काउंटरवर रांग लागलेली असताना मांडीवर ताल धरून कोण बोलणार? दोन महिन्यांनी ते ओसरलं, तो तुझा दोष नाही. काउंटरपर्यंत ते पोचवायचं कसं, हे कोणी शिकवलंच नव्हतं. आणि 'दीड महिन्यात १०० टक्के खात्री' असं छापणाऱ्याला ४० हजार देऊ नकोस, एवढं मी हक्काने सांगते. मोठ्या वयातल्या तोतरेपणावर अशी खात्री देता येईल असं औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, कोर्सही नाही. १८४१ मध्ये बर्लिनच्या डीफेनबाख या नामांकित सर्जनने तोतरेपणासाठी माणसांच्या जिभा कापल्या होत्या. फायदा झाला नाही, रुग्णांनी मात्र भयंकर भोगलं. आपल्याकडे जिभेला वेखंड चाटवतात, तोंडात खडे धरून बोलायला लावतात. दोष जिभेत नाहीच, तर जिभेला कशाला शिक्षा?

मग खरी थेरपी काय करते? दोन वाटा आहेत आणि चांगला थेरपिस्ट दोन्हींतलं तुला लागेल ते घेतो. एक वाट बोलण्याची पद्धत सैलावण्याची. तुझाच 'क' घे. कंठ्य वर्ण. जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो आणि सुटतो, एवढंच काम. आरशासमोर बसून 'कराड' म्हणताना जिथे अडेल तिथे थांब आणि नीट जाणवून घे: जीभ टाळूला केवढ्या जोराने दाबली आहेस, श्वास कोंडलाय, मान ताठ झालीय. आता तोच 'क' जीभ जेमतेम टेकवून, श्वास आधी थोडा सोडत म्हण. 'प'ला ओठ असेच हलके. वाचायला सोपं वाटतं, पण हे हात धरून शिकावं लागतं.

दुसरी वाट अडखळण्याशी असलेलं वैर कमी करण्याची. ती चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन स्पीच थेरपिस्टनी घालून दिली, आणि तेही स्वतः अडखळत बोलायचे. शब्द अडला तर तो कसाबसा का होईना, पुरा करायचा, टाळायचा नाही. मग दोन-तीन सेकंद थांबायचं आणि तोच शब्द पुन्हा, या वेळी सैल करून म्हणायचा. हे जमलं की पुढे अडलेल्या शब्दाच्या मध्येच पकड ढिली करायला शिकायचं. आणि ज्याने सगळे दचकतात ते म्हणजे मुद्दाम अडखळणं. गरज नसताना, ठरवून, 'क-क-कराड' म्हणायचं. एका मुलाला मी हे पहिल्यांदा सुचवलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, 'मॅडम, जे मी आयुष्यभर लपवलं तेच करायला सांगताय?' तो त्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे जाऊन मुद्दाम तीनदा अडखळून 'कटिंग' म्हणाला. चहावाल्याने कटिंग दिलं. एवढंच घडलं. पण परत येताना त्याचे खांदे खाली आले होते, ते मला आजही दिसतात.

याने तू कधीच अडखळणार नाहीस, असं मी म्हणणार नाही. अडणं कमी होईल, सैल होईल, आणि अडलीस तरी 'कराड' म्हणूनच उतरशील. सहा महिने, वर्ष लागेल, आणि नंतरही अधूनमधून उजळणी.

शोधायचं कुठे? स्पीच थेरपिस्टकडे बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी ही पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, ते आधी विचार. विचारायला संकोचू नकोस. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयात विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठात आहे. अशा शिकवणाऱ्या संस्थांत खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागातही चौकशी कर. साताऱ्याहून दर आठवड्याला जाणं जमणार नसेल तर पहिली तपासणी समक्ष आणि पुढची सत्रं व्हिडिओवर, असं बरेच जण करतात. पहिल्या भेटीत एवढं विचार: मोठ्या माणसांच्या तोतरेपणावर किती काम केलंय? फोन, काउंटर, बस यांचा सराव खोलीबाहेर करून घेता का? मी शब्द टाळते, त्यावर काय कराल? तिसऱ्या प्रश्नावर ज्याचा चेहरा कोरा राहील त्याच्याकडे थांबू नकोस. आणि तीसा, म्हणजे द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, ही अडखळणाऱ्यांनीच चालवलेली संघटना आहे. पुण्या-मुंबईत तिचे स्वमदत गट भरतात, ऑनलाइनही भरतात. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण अडखळतो आणि चार पुरुषांमागे एखादीच बाई. त्यामुळे तुझ्यासारखी दुसरी बाई तू कधी पाहिली नाहीस, हे स्वाभाविक आहे. तिथे पाहशील.

आता त्या मुलाचं.

आईवर रागावू नकोस. तिने पाठ करून घेतलेली तीन वाक्यं भीतीपोटी होती, आणि तिची भीती खोटी नाही. अशा कारणावरून नकार देणारी घरं आहेत. हाही नकार देऊ शकेल. मी ते गोड करून सांगणार नाही. पण उलट बाजूही बघ. त्या तीन वाक्यांवर मिळालेला होकार तुला पुढची चाळीस वर्षं सांभाळावा लागेल. सासरी पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर माप ओलांडताना उखाणा घ्यायला लावतील. उखाण्याला चाल आहे, तो येईलही. पण त्यात त्याचं नाव असणार, आणि ते 'प'वरून आहे असं तूच लिहिलंस. भज्यांऐवजी उपीट चालतं, कर्जाऐवजी लोन चालतं. नावाच्या जागी दुसरा शब्द घालता येत नाही. त्या वेळी बायकांच्या घोळक्यात त्याने तुला पहिल्यांदा अडताना बघावं, की आजच, दोघंच असताना?

'सांगू का' या शब्दांत मला कबुलीजबाब ऐकू येतो, काहीतरी केल्यासारखा. तू काही केलेलं नाहीस. त्याला कळायला हवं ते इतकंच, की ज्या मुलीशी तो मेसेजवर रात्री अकरापर्यंत बोलतो, ती बोलते कशी. साखरपुड्याआधी सांग, या आठवड्यात. पहिली ओळ मेसेजवर लिहिलीस तरी चालेल. 'मी लहानपणापासून बोलताना अडखळते. त्या दिवशी घरी मी मोजकंच बोलले, कारण मला त्याची धास्ती होती. आता फोनवर बोलायचंय. मी अडले तर शब्द पुरा करून देऊ नका, फक्त थांबा.' तुझ्या शब्दांत लिही, पण शेवटचं वाक्य ठेव. लोक वाईट नसतात, त्यांना काय करायचं ते ठाऊक नसतं. म्हणून ते छताकडे बघतात, 'रिलॅक्स' म्हणतात, शब्द तोंडात घालतात. मग फोन कर. तू कर, त्याच्या फोनची वाट बघू नकोस, कारण वाट बघण्यात धास्ती वाढते. आणि पहिल्याच मिनिटात एखादा शब्द मुद्दाम अडखळून म्हण. एकदा अडखळून झालं की लपवायला काही उरत नाही, आणि बोलायला अख्खा तास उरतो.

तो थांबला का, त्याने काय विचारलं, पुढचा फोन किती दिवसांनी आला, हे सगळं बघ. पाहण्याचा कार्यक्रम त्याचा झाला, आता तुझाही होऊ दे. आईला हे आधी सांगायचं की नंतर, ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर आधी सांगितलं असतं, आणि फोनच्या वेळी शेजारच्या खोलीत बस म्हटलं असतं.

भावाची तुलना तर पार चुकीची आहे, कारण त्याची गोष्टच निराळी. तू वर्णन केलंयस ते, म्हणजे भरभर, मध्येच वेग बदलत, 'विद्यापीठात'चं 'विद्यीठात' होणं, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरं धरणं आणि लोकांनी 'काय?' विचारलं की त्यालाच नवल वाटणं. याला क्लटरिंग म्हणतात. तुला शब्द माहीत असतो आणि बाहेर येत नाही. त्याचे शब्द एकमेकांवर पडत बाहेर येतात. लक्ष दिलं की तो सुधारतो, कारण त्याची अडचण लक्ष सुटण्याशी आणि वेगाशी आहे. तुझ्याकडे लक्ष गेलं की तू जास्त अडतेस. म्हणून 'हळू बोल' हा एकच उपाय दोघांना देऊन एकाला शहाणं आणि दुसरीला हट्टी ठरवणं हा अन्याय आहे. आणि त्याचंही 'हळू बोल' दोन मिनिटंच टिकतं, हे घरात कुणी मोजलेलं दिसत नाही. त्यालाही थेरपी लागेल. तोवर मोबाइलवर त्याचं पाच मिनिटांचं बोलणं त्याला सांगून रेकॉर्ड करा आणि त्यालाच लिहून काढायला सांगा. आपण काय गिळतो ते स्वतःच्या कानांनी ऐकलं की अर्धी समज तिथेच येते. मग लांब शब्द पूर्ण उच्चारायचे, वाक्य संपलं की थांबायचं. हा सराव रोज थोडा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी नव्हे.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळींत भाचा आलाय. 'ताईचं बरोबर असेल,' असं लिहून तू पत्र संपवलंस.

ताईचं बरोबर नाही. तोतरेपणा बघून-ऐकून लागत नाही. दोन ते पाच या वयात शंभरातली साधारण पाच मुलं अडखळू लागतात, घरात कुणी अडखळणारं असो वा नसो, आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांचं ते आपोआप जातं. पण जवळच्या नात्यात तोतरेपणा असेल तर वाट बघत बसू नये. म्हणून ताईला सांग, त्याला आत्ताच एकदा थेरपिस्टला दाखव. एवढ्या लहान वयात उपचारांना फार चांगलं यश येतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकोम्ब पद्धत तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठीच आहे. तीत थेरपिस्ट आई-वडिलांना शिकवतो आणि तेच रोज थोडा वेळ घरी करून घेतात. घरात आजपासून करायचं ते एवढंच: त्याच्याशी बोलताना मोठ्यांनी आपला वेग कमी करायचा, तो बोलत असताना मध्ये घुसायचं नाही, 'नीट बोल, पुन्हा म्हण' म्हणायचं नाही आणि प्रश्नांची सरबत्ती थांबवायची. त्याने स्वतः विचारलं, 'माझा शब्द का अडकतो?' तर विषय बदलायचा नाही. 'कधी कधी अडकतो, मावशीचाही अडकतो, मग सुटतो,' म्हणायचं.

मुलासमोर तोतरेपणाचं नावच काढू नये, त्याने तो पक्का होतो, ही समजूत जुनी आहे. वेंडेल जॉन्सन या अमेरिकन अभ्यासकाचं तसं म्हणणं होतं, आणि त्याच्या हाताखाली १९३९ मध्ये आयोवातल्या एका अनाथाश्रमात मुलांवर प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या मुलांना 'तुम्ही तोतरे आहात' असं सतत सांगितलं गेलं. ती मुलं तोतरी झाली नाहीत. लाजली, बोलायची बंद झाली. जॉन्सन जिथे होता त्या आयोवा विद्यापीठाने २००१ मध्ये माफी मागितली. मला त्यातून दिसतं ते हे, की मुलांना बोलण्याची लाज वाटायला लावणं फार सोपं आहे. मावशी अचानक गप्प झाली, आणि ती माझ्यासारखी अडते म्हणून गप्प झाली, हे साडेतीन वर्षांच्या मुलाला कुणी न सांगता कळेल.

तेव्हा शनिवारी त्याला मांडीवर घे आणि गोष्ट सांग. चिऊ-काऊची सांग, 'का-का-काऊ' अडला तर अडू दे, आणि पुढची गोष्ट त्याला सांगायला लाव. त्यासाठी शुक्रवारी कराडला उतरावं लागेल. कंडक्टर आला की घाई करू नकोस. त्यालाही मशीनवर स्टॉप शोधायला वेळ लागतोच. 'क'वर अडलीस तर त्याच्याकडे बघत अड, जीभ सैल सोड, आणि शब्द पुरा होईपर्यंत तोंड मिटू नकोस. मग काय झालं ते मला कळव. या वेळी पत्र लिहू नकोस, आवाज रेकॉर्ड करून पाठव.